हास्केल शिकायला बसण्यापूर्वी

हे पत्रक हास्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेच्या आमच्या वर्गात नाव नोंदवलेल्यांसाठी आहे. पायथन, जावा किंवा सी यांपैकी एखादी भाषा येते असे आम्ही धरून चाललो आहोत. पहिल्या तासाला येण्याआधी लॅपटॉपवर सगळे बसवून ठेवा.

बसवताना

'जीएचसीअप' हा इन्स्टॉलर वापरा. जीएचसी हा कंपायलर, कबाल हे बिल्ड टूल आणि एडिटरला लागणारा लँग्वेज सर्व्हर तिन्ही त्यातूनच येतात. डिस्कवर 10 जीबी जागा मोकळी ठेवा. विंडोजवर पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडू नका आणि ज्या फोल्डरच्या नावात स्पेस आहे तिथे काही बसवू नका. उबुंटूवर लिंक होताना जीएमपी (मोठ्या संख्यांच्या गणिताची लायब्ररी) सापडत नाही असा एरर आला, तर 'लिबजीएमपी-डेव्ह' पॅकेज टाका.

कंपायलरची सर्वांत नवी आवृत्ती घेण्याचा मोह टाळा आणि 'रेकमेंडेड' अशी खूण असलेली घ्या. नव्या आवृत्तीसाठी लँग्वेज सर्व्हर तयार व्हायला वेळ लागतो. तोवर व्हीएस कोड या एडिटरमध्ये टाइपही दिसत नाहीत आणि चुकांखाली लाल रेघही येत नाही.

पहिले दोन आठवडे जीएचसीआयमध्ये

जीएचसीआय म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच उत्तर पाहण्याची जागा. तिथे 'एक्स = 5' लिहा, मग 'एक्स = एक्स + 1' लिहा आणि एक्सची किंमत विचारा. 6 येत नाही. काहीच येत नाही, कंट्रोल-सी दाबून थांबवावे लागते. इथे '=' म्हणजे डब्यात किंमत टाकणे नव्हे, ती व्याख्या आहे. दुसऱ्या ओळीने नवा एक्स तयार झाला आणि त्याची व्याख्या त्याच्यावरच टेकली. हेच दोन एक्स फाइलमध्ये लिहिले तर कंपायलर 'मल्टिपल डिक्लरेशन्स' म्हणून अडवतो. हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करावा. लूप आणि बदलती व्हेरिएबल यांची सवय कुठे सोडायची, ते त्यातून नेमके कळते.

मग लूपऐवजी यादीवर चालणारी तीन फंक्शने: मॅप (प्रत्येक घटकावर क्रिया), फिल्टर (अटीत बसणारे घटक निवडणे) आणि फोल्ड (सगळ्यांचे मिळून एक उत्तर काढणे). प्रत्येक फंक्शन वापरण्याआधी 'कोलन टी' लिहून त्याचा टाइप बघा आणि मोठ्याने वाचा.

हमखास येणारे एरर

सरासरी काढताना बेरजेला 'लेंग्थ'ने, म्हणजे यादीतील घटकांच्या संख्येने, भागले की 'नो इन्स्टन्स फॉर फ्रॅक्शनल इंट' येते. लेंग्थ पूर्णांक देते, भागाकाराच्या चिन्हाला अपूर्णांक चालणारा टाइप हवा असतो आणि हास्केल आपणहून बदल करत नाही. लेंग्थला पूर्णांकाचा टाइप बदलून देणारे 'फ्रॉमइंटिग्रल' लावा. 'अ‍ॅब्स -5' (-5 चे चिन्ह काढून किंमत घेणे) हेही चालत नाही, कारण ती वजाबाकी समजली जाते. ऋण संख्या कंसात लिहा. ओळींची सुरुवात एका रेषेत हवी, म्हणून एडिटरमध्ये टॅबऐवजी स्पेस पडतील अशी सेटिंग करा.

हास्केल 1990 च्या पहिल्या आवृत्तीपासूनच लेझी आहे: गरज पडेपर्यंत हिशेब करत नाही. त्यामुळे 'फोल्डएल'ने (डावीकडून चालणाऱ्या फोल्डने) कोटभर संख्यांची बेरीज केली तर न केलेल्या बेरजांचा ढीग मेमरीत साचू शकतो. तिथे शेवटी अ‍ॅपॉस्ट्रॉफी असलेले 'फोल्डएल' वापरा.

मोनॅड कधी?

मोनॅड म्हणजे एकापाठोपाठच्या पायऱ्या जोडण्याची हास्केलची पद्धत. ती पहिल्या महिन्यात नाही, हे आम्ही आग्रहाने सांगतो. आधी स्वतःचे डेटा टाइप करा, पॅटर्न मॅचिंग (किंमतीच्या रूपानुसार वेगळे उत्तर देणे) लिहा, 'मेबी' (किंमत असेल किंवा नसेल असे सांगणारा टाइप) वापरा. 'डॅश डब्ल्यू-ऑल' हा कंपायलरचा पर्याय सुरू ठेवला, तर एखादी शक्यता हाताळायची राहिली की कंपायलर इशारा देतो. मेबीच्या चार-पाच पायऱ्या एकात एक अडकून कोड उजवीकडे सरकू लागला की मोनॅड कशासाठी हे दाखवायला आम्हाला फार वेळ लागत नाही.

अडलात तर एररचा पूर्ण मजकूर आणि ती फाइल दोन्ही पाठवा. मूळ कारण बहुधा पहिल्या एररमध्येच असते, म्हणून आधी तो दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करा. पुढचे बरेचसे आपोआप जातात.