डॅचेट: चाकरमान्यांचं गाव आणि थेम्सचं पाणी

पूर्वेचा वारा असला की मुंबईहून हीथ्रोला आलेलं विमान पश्चिमेकडून उतरतं. तेव्हा खिडकीतून विंडसरचा राजवाडा दिसतो आणि पाठोपाठ एक प्रचंड जलाशय. या दोहोंच्या मध्ये, थेम्सच्या काठावर, डॅचेट आहे. वस्ती सुमारे ५,०००. सकाळी गाडी धरून लंडनच्या वॉटर्लू स्थानकाकडे निघणाऱ्यांचं हे गाव. रेल्वेचं फाटक भरवस्तीत, हिरवळीला लागूनच. ते पडलं की गावाचे दोन भाग होतात.

इथली घरं महाग, पण पावसाळी हिवाळ्यात घरमालकांचं लक्ष नदीच्या पातळीकडे असतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये पाणी गावात शिरलं, मदतीला लष्कर आलं. पुढे पुराचं पाणी वळवायला तीन नवे कालवे खणायचं ठरलं. त्यातला पहिला डॅचेटजवळून निघणार होता. स्थानिक प्रशासनाला आपल्या वाट्याचा निधी उभा करता आला नाही आणि २०२० मध्ये नेमका तोच कालवा वगळला गेला. खालच्या अंगाचे, सरे परगण्यातले दोन मात्र योजनेत राहिले. गावाचा राग समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

नदीची ओल इथे जुनीच. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शल १७८२ मध्ये राजाचे खगोलशास्त्रज्ञ म्हणून बहीण कॅरोलाइनसह डॅचेटला राहायला आले. घर दमट, रात्र रात्र दुर्बिणीपाशी उघड्यावर उभं राहायचं. हर्शल यांना हिवताप जडला. तीन वर्षांत दोघांनी गाव सोडलं.

नदी ओलांडायला आधी होडी होती. १७०६ मध्ये राणी ॲनने पूल बांधवला. नदी ही तेव्हा बर्कशायर आणि बकिंगहॅमशायर या परगण्यांची हद्द, त्यामुळे पुलाचा खर्च कुणी करायचा यावरून भांडण. शेवटी एकाने आपला अर्धा भाग लाकडी केला, दुसऱ्याने लोखंडी. गावाच्या नशिबात जे पुढे पुन्हा पुन्हा आलं, ते मला त्या पुलातच दिसतं: पाणी एक, जबाबदारी दोघांत वाटलेली.

मग रेल्वे आली. २२ ऑगस्ट १८४८ रोजी पहिली गाडी डॅचेटला पोचली. पुढे विंडसरपर्यंत जायला नदीवर पूल हवा होता आणि तो रखडला, म्हणून १ डिसेंबर १८४९ पर्यंत डॅचेट हेच शेवटचं स्थानक होतं. राजवाड्याच्या बागेच्या कडेने रूळ टाकायची परवानगी मिळवताना रेल्वे कंपन्यांनी पैसे मोजले. त्या पैशांतून बागेतले सार्वजनिक रस्ते बंद करून ते दूरवरून वळवले गेले. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट हे नवे पूल झाले आणि डॅचेटचा पूल गेला. तो पुन्हा कधीच बांधला नाही. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर, पण आजही तिथे जायला वळसाच घ्यावा लागतो.

१९३० मध्ये मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि रोजची ये-जा सोपी झाली. पुढे हीथ्रो आलं, उत्तरेला एम-४ महामार्ग आला, १९७६ मध्ये पूर्वेला क्वीन मदर जलाशय भरला. त्याचा उंच बांध गावाच्या कडेला भिंतीसारखा उभा आहे. १९७४ च्या फेररचनेत डॅचेट बकिंगहॅमशायरमधून बर्कशायरमध्ये गेलं.

२००२ मध्ये ज्युबिली नदी सुरू झाली. मेडनहेड, विंडसर आणि ईटन वाचवायला खणलेला हा साडेअकरा किलोमीटरचा कालवा डॅचेटच्या थोडा वरच थेम्सला परत मिळतो. जानेवारी २००३ मध्ये पूर आला. वरच्या गावांचं पाणी आमच्या दारात आणून सोडलं, ही लोकांची भावना तेव्हापासूनची. त्या पाण्याला पुढे वाट काढून देणारा कालवा म्हणजेच २०२० मध्ये वगळलेला पहिला कालवा.