खांबाखांबावर वर्गणीदारांची नावे : कार्ल्याच्या चैत्यगृहाची पार्श्वभूमी

चैत्रात आई एकवीरेची पालखी निघते तेव्हा कार्ल्याच्या डोंगरावर मुंगीला शिरायला जागा नसते. मुंबईच्या कोळीवाड्यांतून, अलिबाग-उरणकडून, वसईकडून माणसे येतात. वेहेरगावातून पायऱ्या चढून वर आले की देवीच्या देवळाला अगदी खेटून भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे स्तूपपूजेचे दालन, उभे आहे. दर्शनाची रांग त्याच्या तोंडासमोरच असते. तरी बहुतेक लोक आत डोकावून फोटो काढतात, ‘पांडवांनी एका रात्रीत कोरले’ एवढे ऐकतात आणि उतरू लागतात. याचे वाईट वाटते, कारण हे काम कोणी केले, पैसा कोणी दिला, दरवाजा कोणी घडवला, हे सगळे तिथल्या दगडावरच लिहून ठेवलेले आहे.

ते लिखाण ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख १८८१ मध्ये एकत्र छापले, त्यात कार्ल्याचेही होते. पुढे फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार यांनी ते नव्याने वाचले. या लेखांत डोंगराचे नाव ‘वलूरक’ असे येते आणि तो ज्या मुलखात आहे त्याचे नाव ‘मामाल’, म्हणजे आपले मावळ.

लेणी इथेच का, याचे उत्तर घाटात आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने वर चढून देशावर जाई. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी त्या वाटेच्या आसपासच आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचे, हा बौद्ध संघाचा नियम. त्या दिवसांत राहायला कोरडी जागा, प्यायला टाक्यातले पाणी आणि खालच्या वाटेवरून येणारे दान, असे तिन्ही इथे जुळून आले. वाटसरू व्यापाऱ्यालाही घाट चढल्यावर विसाव्याची, ओळखीपाळखीची जागा हवीच होती.

भाजे यातले सर्वांत जुने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तिथे दर्शनी भागाची चौकट लाकडाची होती, ती गेली आणि चैत्यगृह आता समोरून सताड उघडे दिसते. कार्ल्याला येईपर्यंत, म्हणजे साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कारागिरांनी समोरची भिंतही दगडातच ठेवली. वर घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी खिडकी, खाली तीन दारे. आत सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि तेवढेच उंच दालन. टोकाला स्तूप. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, स्तूपामागे अर्धवर्तुळात सात साधे, अष्टकोनी. बांधकाम नव्हेच हे, अखंड कातळ पोखरत आत गेलेले काम आहे. एक खांब बिघडला असता तर दुसरा आणून लावायची सोय नव्हती.

छताकडे जरूर पाहा. कमानीसारखे वाकवलेले लाकडी वासे तिथे अजून आहेत. छत कातळाचे असल्याने त्याला आधाराची काहीच गरज नव्हती. लाकडी चैत्यगृहे बांधण्याची जी जुनी परंपरा होती, तिचा आब राखण्यासाठी ते बसवले. स्तूपावरची छत्रीही लाकडाची. भर मावळच्या पावसाळी हवेत दोन हजार वर्षांच्या घरातले हे लाकूड टिकले, हे मला तिथल्या कोणत्याही शिल्पाहून कमी थोर वाटत नाही.

आता लेखांकडे. ओसरीतला एक लेख सांगतो की वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठींनी हे शैलगृह पुरे केले आणि ते ‘जंबुदीपम्हि उतमं’, साऱ्या जंबुद्वीपात उत्तम, आहे. वैजयंती म्हणजे बहुतेकांच्या मते कर्नाटकातले बनवासी. इतका ठाम अभिमान क्वचितच कोणी दगडावर उतरवला असेल, आणि तो वावगाही नाही.

पण भूतपाल शेठी एकटे नव्हते. आतल्या खांबांवर एकेका दात्याचे नाव आहे, आणि धेनुकाकट या एका गावाचे नाव पुन्हापुन्हा येते. ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’, म्हणजे धेनुकाकटच्या सिंहध्वज नावाच्या यवनाने दिलेला खांब. यवन म्हणजे तेव्हाचे ग्रीक. यवन म्हणवणारे आणखीही दाते आहेत. त्यांची नावे मात्र यशोवर्धन, धर्म अशी इथलीच. पश्चिमेकडून व्यापाराला आलेली ही मंडळी इथे रुळली होती, बौद्ध धर्माला दान देत होती. धेनुकाकटच्या व्यापारी संघाने एक खांब दिला. सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे सूत्रे मुखोद्गत असलेल्या भिक्षूने, पवित्र अवशेषासह खांब दिला. सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, त्याने दरवाजाचे दान केले. वेणुवासाचा मुलगा सामी हा सुतार, त्याचेही नाव दाराच्या कामापाशी आहे. महादेवनक या गृहस्थाची आई भायिला हिचे दान आहे. घुणिकाची आई कोडी ही भिक्खुणी, तिने वेदिकेचे, म्हणजे कठड्याचे काम दिले, आणि ते नादिकाने केले असे त्याच लेखात लिहिले आहे. देणारी आई आणि घडवणारा हात, दोघांची नावे एका ओळीत.

म्हणून कार्ल्याला कोणा एका राजाचे लेणे म्हणणे मला पटत नाही. हे वर्गणीतून उभे राहिलेले काम आहे. प्रवेशापाशी चार सिंहांचा जो स्तंभ आहे तो गोतीचा मुलगा महारठी अगिमित्रणक याने दिला. महारठी हे तेव्हाच्या मोठ्या सरदाराचे पद. तोही याच यादीतला एक दाता.

राजे आले ते भिक्षूंच्या पोटापाण्याची सोय लावायला. क्षहरात घराण्यातला शक राजा, क्षत्रप नहपान, याचा जावई उषवदात याने वलूरकच्या लेण्यांत वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्यांसाठी करजिक गाव दिले, आणि पंथ न पाहता सर्वांसाठी दिले, असे त्याचा लेख सांगतो. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गायींचा, गावांचा उल्लेख आहे. एकच माणूस दोन्हीकडे दान देत होता. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. राज्य असे बदलले. कार्ल्यात मात्र त्याच गावाचे दान नव्या राजवटीच्या आज्ञेने, मामालच्या अमात्याच्या नावे, पुन्हा लिहून दिलेले दिसते. आज्ञेतले राजाचे नाव झिजले आहे. ती सामान्यतः गौतमीपुत्राची मानली जाते. गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या चोविसाव्या राज्यवर्षात अबुलामा या ठिकाणच्या हरफरणाने महासांघिक या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना नऊ खोल्यांचा मंडप दिला. बाप सेतफरण, मुलगा हरफरण. ही नावे इराणी वळणाची आहेत.

पुढची भर पाचव्या-सहाव्या शतकातली. ओसरीच्या भिंतीवर स्त्री-पुरुषांची भरदार जोडपी आहेत, ती मूळ कामातली. त्यांच्या मधल्या जागेत बुद्धमूर्ती दिसतात, त्या नंतर कोरलेल्या. नीट पाहिले तर वेदिकेची जुनी नक्षी तासून त्या बसवल्याचे कळते. मूळ चैत्यगृहात बुद्धाची मूर्ती नव्हती, पूजा स्तूपाची होती. पुढे महायान या बौद्ध पंथाच्या काळात मूर्ती आली आणि तिला जागा करून दिली गेली.

मग संघ इथून कधीतरी उठला. डोंगरावर देवीचे ठाणे आहे, आणि इथे दामोदर धर्मानंद कोसंबींची मांडणी महत्त्वाची ठरते. पुणे-मुंबई रोजचा रेल्वेप्रवास करणाऱ्या या गणिती-इतिहासकाराने मावळचे डोंगर पायी तुडवले. देवीची ठाणी, जुन्या पायवाटा आणि लेणी पुन्हापुन्हा एकाच जागी का सापडतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या मते मातृदेवतांची पूजास्थाने बौद्ध लेण्यांहूनही जुन्या वाटांवर होती, आणि भिक्षू मुद्दाम अशाच वर्दळीच्या जागी येऊन राहिले. धेनुकाकट म्हणजे जवळचे देवघर गाव, असेही त्यांनी मांडले. त्यावर सगळे अभ्यासक सहमत नाहीत. देवीने लेण्याची जागा घेतली की लेणे देवीच्या शेजारी आले, हा वाद हिरिरीने घातला जातो. कोसंबींची दिशा धरली तर तो हिरिरीने घालायचे कारणच फारसे उरत नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढेच. लेण्याचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर उजेड मोठ्या खिडकीतून आत पोचतो. दर्शन आधी उरकून तेव्हा आत जावे. खांबांचे तळ घटाच्या आकाराचे आहेत, वर उलट्या कमळासारखे शीर्ष, त्यावर मधल्या दालनाकडे तोंड करून बसलेले हत्ती आणि त्यांवर जोडपी. मागच्या बाजूला, अंधाऱ्या पडवीकडे, घोडे आहेत, ते पाहायला बहुतेक जण वळतच नाहीत. आणि खांबांवरची अक्षरे शोधावीत. ती सहज वाचता येणार नाहीत, पण क, ग, त, थ, भ, य एवढी ब्राह्मी अक्षरे आधी कागदावर उतरवून नेली तर ‘थभो’, म्हणजे खांब, हा शब्द एखाद्या खांबावर नक्की ओळखू येतो.