जुनी विंडोज नव्या कॉम्प्युटरवर न्यायची आहे? आधी बिल शोधा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, लाइट ये-जा करते आणि आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर बोर्ड (मदरबोर्ड) उडालेल्या सीपीयूंची रांग लागते. नवा सीपीयू घेतला की पुढची मागणी ठरलेली: "जुन्यातली विंडोज यात टाकून द्या ना भाऊ, पैसे मोजलेत तिचे." बहुतेकांना नाही म्हणावं लागतं. वाईट याचं वाटतं की तोवर त्यांनी जुना सीपीयू भंगारात दिलेला असतो, विंडोजचा खोका चुलीत गेलेला असतो आणि बिल कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून जुनं मशीन सुरू होतंय तोवरच हे वाचा.

कोणतं लायसन हलतं?

सुटं विकत घेतलेलं, म्हणजे रिटेल लायसन, एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. अट एकच, एका वेळी एकाच मशीनवर वापरायचं. लॅपटॉपसोबत कंपनीकडून आलेलं ओईएम लायसन त्या लॅपटॉपचंच असतं. लॅपटॉप विकला तर त्याच्यासोबत जातं, एकटं सुटत नाही. शाळा, पतपेढी, कारखाना यांनी घेतलेलं व्हॉल्यूम लायसन संस्थेचं असतं. कार्यालयातला जुना कॉम्प्युटर लिलावात घेतला म्हणून ते आपलं होत नाही.

आपलं कोणतं ते पाहायला स्टार्टमध्ये सीएमडी (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) शोधून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर लिहा, स्पेस द्या, तिरकी रेघ काढून तिला लागून डी-एल-आय लिहा आणि एंटर दाबा. छोटी चौकट उघडते. तिच्यात चॅनेलचं नाव, म्हणजे लायसन रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम ते, आणि की म्हणजे विंडोजच्या पंचवीस अक्षरी क्रमांकाची शेवटची पाच अक्षरं दिसतात.

इथेच बरेच जण फसतात. चौकटीत ‘रिटेल’ वाचून खूश होतात, पण पाच अक्षरं पाहत नाहीत. ती ३व्ही६६टी किंवा ८एचव्हीएक्स७ असतील तर ती तुमची की नव्हे. प्रो आणि होम या विंडोजच्या दोन आवृत्त्या; पहिली प्रोची, दुसरी होमची सर्वसाधारण की आहे आणि लाखो मशीनवर तीच दिसते. २९ जुलै २०१५ पासून विंडोज ७ आणि ८ वरून १० वर फुकट चढता येत होतं. तसे चढलेले कॉम्प्युटर आजही ‘रिटेल’ दाखवतात. मूळची ७ लॅपटॉपसोबत आलेली असेल तर हक्क ओईएमचाच राहतो, वर काहीही लिहिलेलं असो. मूळची ७ सुटी घेतलेली असली तरी तिची की आता नव्या मशीनवर १० किंवा ११ ला लागत नाही. तो रस्ता मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला.

कुणाकडेच नसणारा कागद

कागद म्हणजे बिल, पण कोणतं? आपल्याकडे जोडून घेतलेल्या सीपीयूच्या कच्च्या बिलावर "सीपीयू सेट, १ नग" आणि खाली एकूण रक्कम एवढंच असतं. विंडोजची वेगळी ओळ नसते. मग ती विकत दिली होती की नुसती टाकून दिली होती, हे सिद्ध कशावरून करायचं? पारोळ्याकडचे एक अडतदार काका असंच बिल घेऊन आले होते. सहा वर्षांचे हिशेब त्या मशीनमध्ये, दुकानदारावर पूर्ण विश्वास. तपासलं तर चौकटीत ‘व्हॉल्यूम’ निघालं. त्यांनी पैसे खरे मोजले होते, लायसन मात्र त्यांचं कधी नव्हतंच. त्यांचा चेहरा पाहून मला पुढे बोलवेना.

खरा पुरावा म्हणजे विंडोजच्या वेगळ्या ओळीचं पक्कं बिल, खोक्यातलं पंचवीस अक्षरी कीचं कार्ड किंवा ऑनलाइन खरेदीचा ईमेल. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून घेतलेली असेल तर की नसतेच, सगळं तुमच्या खात्याशी जोडलेलं असतं. ते खातं सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलने उघडलेलं असेल तर आजच त्याच्याकडे जा.

की शोधून देणारी ॲप उतरवून त्यातल्या कीचा फोटो घेऊन लोक येतात. लॅपटॉपवर ती ॲप बहुतेक वेळा बोर्डाच्या बायोसमधली (बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली) ओईएम की वाचतात. ती दुसऱ्या मशीनवर न्यायला उपयोगाची नाही. पाच-सातशे रुपयांत मिळणाऱ्या ऑनलाइन की बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम की असतात. आज चालतात, मग एक दिवस बंद केल्या जातात. त्यात पैसे घालू नका.

चुकीची वाचलेली तारीख

"१४ ऑक्टोबर २०२५ ला लायसन संपलं, आते काय करवा?" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. लायसन संपलेलं नाही. त्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. ज्यांनी मुदतवाढीसाठी नोंदणी केली, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती मिळतात. तुमच्याकडे १० ची खरी रिटेल की असेल तर ती नव्या कॉम्प्युटरवर ११ लाही लागते, आवृत्ती मात्र तीच हवी. होमची की होमला, प्रोची प्रोला. दुकानदाराने नव्या सीपीयूत सवयीने प्रो टाकली आणि तुमची की होमची असेल तर ती नाकारली जाणारच, कीमध्ये दोष नसतो.

प्रत्यक्ष काम

हे अर्ध्या तासाचं आहे. जुन्या मशीनवर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन इथे जा (विंडोज १० मध्ये ते अपडेट अँड सिक्युरिटीखाली असतं, ११ मध्ये सिस्टिमखाली) आणि लायसन मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं दिसतंय का ते बघा. नसेल तर त्याच कॉम्प्युटरवर आपल्या खात्याने साइन इन करा. ही पायरी गाळू नका. बोर्ड उडाल्यावर ती करता येत नाही, आणि फुकट चढलेल्यांना बोर्ड बदलल्यावर तेवढाच आधार उरतो.

मग कीची पंचवीस अक्षरं कागदावर उतरवून घ्या आणि पुन्हा सीएमडीत, डी-एल-आयच्या जागी यू-पी-के लिहून जुन्या मशीनवरून की काढा. नव्यावर तीच आवृत्ती टाका, ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये की भरा, इंटरनेट सुरू ठेवा.

ज्याच्या कोडच्या शेवटी सी००८ आहे असा एरर आला तर की आधीच दुसऱ्या मशीनवर वापरात आहे किंवा ठरल्यापेक्षा जास्त वेळा वापरली गेली आहे, असं सर्व्हर सांगतोय. सी००३ म्हणजे की बंद केलेली आहे, तिथे वाद घालून फायदा नाही. एफ०५० आला तर आधी टायपिंग तपासा, बी आणि ८ ची गल्लत नेहमीची.

सी००८ ला ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर चालवा आणि "या डिव्हाइसचं हार्डवेअर नुकतंच बदललं" हा पर्याय निवडा. खात्यातल्या मशीनची यादी येते. त्यात सगळ्यांची नावं ‘डेस्कटॉप’ आणि पुढे काहीतरी अक्षरं अशीच असतात, म्हणून जुन्याचं नाव आधीच लिहून ठेवा. तरी जमलं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोला. बिल स्कॅन करून आणि कीचं कार्ड समोर ठेवूनच बसा. ते खरेदीचा पुरावा मागतात, आणि "दुकानदाराने टाकून दिली होती" हे त्यांना चालत नाही.

कंपनीच्या लॅपटॉपचा बोर्ड अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बदलला असेल तर ही धावपळ नको. तिथेच काउंटरवर लॅपटॉप सुरू करून ॲक्टिव्हेशन दाखवायला सांगा, आणि जॉबशीटवर बोर्ड बदलल्याची नोंद घेऊनच लॅपटॉप घरी आणा.