कृष्णविवरातले टिंब आणि रायचौधुरींचे समीकरण

गणपतीत आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारात कृष्णविवरांवर एक व्याख्यान झाले. प्रश्नोत्तरांत आठवी-नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, एवढा मोठा तारा एका टिंबात मावतो कसा?” वक्ते म्हणाले, “बाळ, गुरुत्वाकर्षणाने दाबून दाबून.” मुलीचे समाधान झालेले दिसले नाही, आणि ते होऊही नये. कृष्णविवराच्या मध्यभागी अनंत घनतेचे एक टिंब बसले आहे, हे चित्रच मुळात चुकीचे आहे. तिथे जिला सिंग्युलॅरिटी म्हणतात, ती त्याहून कितीतरी विलक्षण गोष्ट आहे.

आधी घनतेचे पाहू. एम87 दीर्घिकेतल्या ज्या कृष्णविवराची प्रतिमा 10 एप्रिल 2019 रोजी जगाने पाहिली, त्याचे वस्तुमान सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांइतके आहे. त्याच्या घटनाक्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेची, त्रिज्या घ्या, शाळेतल्या सूत्राने गोलाचे घनफळ काढा आणि घनता मोजा. एका घनमीटरला अर्धा किलोसुद्धा भरत नाही. आपण श्वास घेतो ती हवा याच्या दुपटीहून जड आहे! तेव्हा कृष्णविवर व्हायला आधी काहीतरी अचाट चेपले जावे लागते, असे नाही.

दुसरी गोष्ट जागेची. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचे जे उत्तर काढले आणि 1916 साली प्रसिद्ध झाले, ते दोन जागी फुटते, म्हणजे तिथे आकडे अनंत होतात: क्षितिजावर आणि केंद्राशी. क्षितिजावरचा बिघाड हा निव्वळ मोजमापाच्या पद्धतीचा दोष आहे, हे बेल्जियमचे शास्त्रज्ञ लमेत्र यांनी 1933 मध्ये दाखवले. केंद्रातला बिघाड मात्र खरा. पण गंमत अशी, की क्षितिज ओलांडल्यावर ‘केंद्रापासूनचे अंतर’ हे अंतर राहतच नाही, ते काळासारखे वागू लागते. तुम्ही बडोद्यात अलकापुरीला जा नाहीतर मांडवीला जा, उद्या दुपारचे बारा वाजायचे ते वाजणारच. क्षितिजाच्या आत सिंग्युलॅरिटी तशीच समोरून येते, कारण ती ठिकाण नसून पुढचा एक क्षण आहे. कृष्णविवर फिरत नसलेले धरले, तर आपल्या आकाशगंगेच्या मध्यातल्या कृष्णविवरात हा क्षण जास्तीत जास्त मिनिट-सव्वा मिनिटात येतो, एम87च्या बाबतीत सव्वा दिवसाच्या आत. रॉकेटचे इंजिन कितीही जोरात चालवा, मुदत वाढवून मिळत नाही.

हे सगळे अगदी गोल, गुळगुळीत ताऱ्याचे झाले. 1939 साली ओपनहायमर आणि स्नायडर या शास्त्रज्ञांनी कोसळणाऱ्या ताऱ्याचा हिशेब मांडला तोही असाच गोल धरून. खरा तारा कुठे फुगीर, कुठे चपटा असतो. मग कोसळताना सगळे द्रव्य एकमेकांना चुकवून निसटणार नाही कशावरून? ही शंका रास्त होती आणि अनेक वर्षे टिकली.

तिचे उत्तर ज्यातून निघाले ते समीकरण मला आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादातले सर्वांत सुंदर वाटते. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी ते 1955 मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे प्रकाशासाठीचे रूप असे. शेजारून शेजारून जाणाऱ्या किरणांची एक जुडी घ्या. तिचा छेद किती झपाट्याने आक्रसतो आणि तो झपाटा पुढे कसा बदलतो, एवढेच हे समीकरण सांगते. त्यात मोजकी पदे आहेत. एक, आक्रसण्याच्या दराचा वर्ग. दुसरे, गोल छेद चेपून लांबट होण्याचे, तेही वर्गात. तिसरे, वाटेत लागणाऱ्या द्रव्याचे आणि ऊर्जेचे; ऊर्जा ऋण नसते असे इथे धरायचे. तिन्ही एकाच बाजूने जोर लावतात: जुडी आवळा. उलट ओढणारे पद एकच, जुडीला पीळ असेल तर त्याचे. आणि एखाद्या पृष्ठभागाला लंब निघालेल्या किरणांत पीळ नसतो, पुढेही येत नाही.

दुसऱ्या पदाकडे नीट पाहा. वर्ग कधी ऋण होत नाही. म्हणजे ताऱ्याच्या ओबडधोबडपणामुळे जुडी या बाजूला चेपो की त्या बाजूला, ती आवळण्यालाच हातभार लागतो. ज्या वेडेवाकडेपणावर सुटकेची भिस्त होती, तोच उलटला! एकदा का जुडी आक्रसू लागली, की मर्यादित अंतरात तिचे किरण एकत्र येणारच.

1965 मध्ये ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोज यांनी हा धागा उचलला. एका गोलावर सगळीकडे दिवे लावले आणि एकदम पेटवले, तर प्रकाशाचे दोन थर निघतात: आत जाणारा लहान होतो, बाहेर जाणारा मोठा. पण द्रव्य पुरेसे कोसळले असेल, तर दोन्ही थर लहान होत जातात. असा पृष्ठभाग सापळ्यात सापडलेला म्हणायचा. आता जरा सावकाश वाचा. दोन्हीकडचे किरण एकत्र आले, की त्या दिव्यांच्या भविष्याची, म्हणजे तिथून जिथवर पोहोचता येते त्या साऱ्याची, सीमा स्वतःवर मिटलेली, मर्यादित ठरते. पण तिच्या प्रत्येक बिंदूला सुरुवातीच्या अवकाशात एकेक जागा नेमून देता येते, आणि ते अवकाश तर अमर्याद आहे. कडा नसलेली मर्यादित चादर अमर्याद अवकाशात अशी बसवताच येत नाही. मग कुठलेतरी गृहीत सोडायला हवे. ते हे, की प्रत्येक किरण पुढे पुढे जाऊच शकतो. निदान एक किरण मध्येच संपतो.

सिंग्युलॅरिटी म्हणजे हेच: वाट मर्यादित अंतरात संपते आणि पुढे वाढवता येत नाही. या सिद्धतेत अनंत घनतेचा शब्दही नाही. 2020चे अर्धे नोबेल पारितोषिक पेनरोज यांना कृष्णविवरांवरच्या याच कामासाठी मिळाले.

महास्फोटालाही ‘बिंदू’ म्हणायचे आणि तो बिंदू आपल्या ऋषींनी ध्यानात पाहिला होता, असे फॉरवर्ड फिरवायचे, हे आता थांबावे. अभिमानच वाटायचा असेल, तर जगभरच्या वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या रायचौधुरी समीकरणाचा वाटू दे.

राहिला प्रश्न, हे तुटलेले टोक आपल्याला दिसेल का? निसर्ग ते नेहमी क्षितिजाआड ठेवतो, असा तर्क पेनरोज यांनी 1969 मध्ये मांडला. तो अजून सिद्ध झालेला नाही. तो तपासताना इथल्याच माणसांचे काम हाताशी येते. गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांकडे काम करताना प्रारण, म्हणजे प्रकाशासारखी ऊर्जा, बाहेर टाकणाऱ्या ताऱ्यासाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांचे उत्तर काढले, ते 1943 साली प्रसिद्ध झाले. त्यातले प्रारण उलट आत कोसळते असे धरले आणि ते पुरेसे सावकाश आत आले, तर सिंग्युलॅरिटी उघडी राहते, तिच्यापासून निघालेला किरण बाहेर पडू शकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) पंकज जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोसळण्याची अशी अनेक उदाहरणे तपासली आहेत. खऱ्या, ओबडधोबड ताऱ्याचे काय होते, यावर मात्र रायचौधुरी समीकरण काही बोलत नाही. ते वाट संपते एवढेच सांगते. ती क्षितिजाच्या आत संपते की बाहेर, हे कळायला आइन्स्टाइनची समीकरणे पायरीपायरीने सोडवावीच लागतात.