हाड बनवणाऱ्या पेशी आणि मायक्रोआरएनए: पार्श्वभूमी

पहिला मायक्रोआरएनए (जीनपासून प्रथिन बनणं दाबणारा छोटा आरएनए) १९९३ ला सापडला, तोही जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत, आणि २००० मध्ये लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए माणसातही निघेपर्यंत फारसं कुणी तिकडे वळलंच नाही. हाडावर काम करणाऱ्यांकडे तोवर रनएक्स२ होता, हाड बनायला लागणारा मुख्य जीन. १९९७ ला हा जीन काढलेल्या उंदरांत कूर्चा झाली पण हाड बनलंच नाही, त्यामुळे २००८ च्या आसपास शोध सुरू झाला तो मुख्यतः रनएक्स२ ला दाबणारे मायक्रोआरएनए कोणते याचाच. मायक्रोआरएनए नंबरांनीच ओळखले जातात, १३३ आणि २०४ त्यातले. २८६१ उलट्या बाजूचा, तो रनएक्स२ कमी करणाऱ्या एचडॅक५ या प्रथिनाला दाबतो म्हणून रनएक्स२ टिकतो.

पण खरा गुंता झाला तो २००६ च्या एका निर्णयाने, असं मला ठामपणे वाटतं. एमएससी (मेसेन्कायमल पेशी, ज्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा बनू शकते) कुणाला म्हणायचं याच्या किमान अटी तेव्हा ठरल्या: पेशी प्लास्टिकला चिकटली पाहिजे, पृष्ठभागावर ठरावीक मार्कर (ओळखीची प्रथिनं) पाहिजेत, आणि डिशमध्ये हाड, चरबी, कूर्चा तिन्ही बनवता आलं पाहिजे. हेतू चांगलाच होता, प्रत्येक लॅबचं आपापलं वेगळं चाललेलं. पण मॅरोतली (हाडाच्या मज्जेतली) पेशी आणि चरबीतली पेशी एकाच लेबलखाली आल्या, आणि हाड बनल्याचा पुरावा काय, तर डेक्सामेथासोन, व्हिटॅमिन सी आणि बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट घालून दोन-तीन आठवडे ठेवायचं, मग ॲलिझरिन रेड हा रंग टाकल्यावर डिश लाल झाली की झालं. तो लाल रंग कॅल्शियम दाखवतो, हाड नाही, फॉस्फेट जास्त पडलं तर खनिज नुसतंच साचूनही डिश लाल होते.

याची किंमत २६ए या मायक्रोआरएनएमध्ये दिसली. २००८ ला माणसाच्या चरबीतल्या पेशींवर निष्कर्ष आला की तो स्मॅड१ या प्रथिनाला दाबून हाड बनणं रोखतो. २०१५ ला दोन्ही पेशी शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर चरबीतल्या पेशीत तो खरंच रोखतो, पण मॅरोतल्या पेशीत जीएसके३बीटा या एन्झाइमला दाबून डब्ल्यूएनटी हा पेशीतला संदेशमार्ग वाढवतो आणि हाड बनायला मदत करतो! मायक्रोआरएनए तोच, परिणाम अगदी उलटा.

वेळेचंही तसंच. मायक्रोआरएनए तयार करणारं डायसर एन्झाइम लवकरच्या टप्प्यात काढलं तर उंदराचा गर्भ जगत नाही, पक्व ऑस्टिओब्लास्टमध्ये (हाड बनवणाऱ्या पेशीत) काढलं तर हाड उलट वाढतं.

२०११ ला १३८ या मायक्रोआरएनएला अडवून माणसाच्या पेशी उंदरात घातल्यावर जास्त हाड बनलं, आणि उपचाराची चर्चा तिथून जोरात सुरू झाली. त्या पेशी मॅरोतल्या होत्या. चरबीतल्या पेशींसाठी तोच निकाल गृहीत धरू नये, प्रयोग पहिल्यापासून करावा.