जिप्सीचा शाफ्ट: अख्खा बदलायचा की नुसता क्रॉस?

मारुती जिप्सी रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून 'खण्ण' वाजलं की गाडीवाले थेट विचारतात, "शाफ्ट गेला का?" शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा फिरता पाइप. आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्यांत शाफ्टचा पाइप ठणठणीत असतो, गेलेला असतो तो क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या (+) चिन्हासारखा सांधा. म्हणून नवा शाफ्ट मागवण्याआधी एवढं वाचाच.

जिप्सीखाली एक नाही, तीन शाफ्ट असतात. तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला जोडून नाही, वेगळा बसवलेला आहे. त्या दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट, मग ट्रान्सफर केसपासून एक पुढच्या ॲक्सलला आणि एक मागच्या. आखूड शाफ्टकडे कुणी बघत नाही. पण टू-व्हीलमध्ये चालवा नाहीतर फोर-व्हीलमध्ये, तो बिचारा फिरतच असतो. आवाज मागून आल्यासारखा वाटला तरी आम्ही तिन्ही तपासतो.

क्रॉसच्या चार टोकांवर बेअरिंगच्या टोप्या असतात. टोपीभोवती विटकरी रंगाची भुकटी दिसली तर समजा, आतलं ग्रीस संपलंय आणि बेअरिंगच्या सुया कोरड्या घासतायत. हळू चालवताना येणारं 'चीं-चीं' तेच सांगतं. काढलेला क्रॉस आम्ही तुमच्या हातात देतो. त्याच्या चार दांड्यांवरून नख फिरवून बघा. सुयांनी पाडलेल्या खाचांत ते अडकलं तर तो क्रॉस गेला, कितीही ग्रीस भरा.

अख्खा शाफ्ट कधी बदलायचा? दगडावर आपटून पाइपला पोचा पडला असेल, पीळ बसला असेल, सरकत्या जोडाचे (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी जोड) दात झिजून तो वर-खाली हलत असेल, किंवा टोपी बसते ते भोक सैल झालं असेल तेव्हा. पोचा ठोकून काढून द्या, असा आग्रह होतो. आम्ही नाही म्हणतो. ताशी ८० किलोमीटरला हा पाइप मिनिटाला साधारण २,५०० फेरे घेतो. थोडासाही तोल गेला तर थरथर थेट सीटपर्यंत येते आणि ट्रान्सफर केसचं सील, बेअरिंग दोन्ही खाते.

काढण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात ती चकती) आणि सरकत्या जोडावर रंगाची रेघ मारतो. ही रेघ फार महत्त्वाची. क्रॉस वाकून फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा भाग एका फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा संथ होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत असतील तरच. जोड एक-दोन दात चुकवून बसवला तर नवाकोरा शाफ्टसुद्धा थरथरतो, आणि मग दोष शाफ्टला लागतो.

गाडी कायमची उंच करून घेतली असेल तर आधी सांगा. क्रॉसचा कोन बदलतो, सरकता जोड जास्त बाहेर येतो. लांबीचं माप आम्ही गाडी चाकांवर उभी असतानाच घेतो. जॅकवर ॲक्सल खाली लोंबतो आणि माप चुकतं.

घरी काढायचा असेल तर चाकांना आधी दगड किंवा ठोकळे लावा. मागचा शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा थांबत नाही. जुन्या विलिज जीपमध्ये तर हँडब्रेकच ट्रान्सफर केसच्या मागे असतो, तोही निकामी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा.

रानात मागचा शाफ्ट तुटलाच तर तो सोडवून गाडीत टाका, पुढचे हब लॉक करा (म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडली जातात) आणि फोर-हायमध्ये (फोर-व्हीलच्या जलद गिअरमध्ये) हळूहळू डांबरी रस्ता गाठा. गाडी पुढच्या चाकांवर येते. आमच्याकडे अशी आलेली गाडी बघून आम्हाला बरंच वाटतं, टो करून आणली की बाकीचंही तपासावं लागतं.

पावसाळ्यात ओढा ओलांडून आलात की दुसऱ्या दिवशी ग्रीस मारून घ्या. निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी फडक्याने पुसायचा, नाहीतर गनने चिखलच आत जातो. चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारायचं. काही क्रॉसना निपलच नसतो. ते वाजले की बदलायचे.

क्रॉसचं काम सकाळी गाडी लावलीत तर संध्याकाळपर्यंत होतं. शाफ्टचं बॅलन्सिंग (तोल साधणं) बाहेर करून घेतो, त्याला एक दिवस जास्त. नवे बोल्ट ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.