डेटाबेस मिररिंगमधील स्वयंचलित फेलओव्हर : दोषशोध

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीतील एखाद्या डेटाबेसची जिवंत प्रत दुसऱ्या सर्व्हरवर सतत तयार ठेवण्याच्या व्यवस्थेला डेटाबेस मिररिंग म्हणतात. मूळ डेटाबेस चालवणारा तो प्रिन्सिपल, प्रत सांभाळणारा तो मिरर. प्रिन्सिपल पडला की कोणी हात न लावता मिररने त्याची जागा घेणे म्हणजे स्वयंचलित फेलओव्हर. मायक्रोसॉफ्टने ही सोय २००५ च्या आवृत्तीत आणली. प्रत्यक्ष कामासाठी तिला अधिकृत पाठबळ मिळाले ते २००६ मधल्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून. २०१२ च्या आवृत्तीत याच कामासाठी ‘ऑलवेज ऑन अव्हेलेबिलिटी ग्रुप्स’ ही नवी सोय आली आणि मिररिंग कालबाह्य ठरवले गेले. तरी नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ते चालू राहिले, त्यामुळे जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्यांची त्याच्याशी अजून गाठ पडते.

स्वयंचलित फेलओव्हरसाठी विटनेस, म्हणजे प्रिन्सिपल खरोखर पडला का याची मिररला साक्ष देणारा तिसरा सर्व्हर लागतो. त्याच्याकडे डेटा नसतो, त्यामुळे मोफत एक्स्प्रेस आवृत्तीवरही तो चालतो. मिररिंग ‘हाय सेफ्टी’ म्हणजे समकालिक पद्धतीत (व्यवहार मिररकडेही नोंदला गेल्यावरच पूर्ण धरला जातो) असावे, प्रिन्सिपल पडण्याच्या क्षणी डेटाबेसची अवस्था ‘सिंक्रोनाइझ्ड’ (प्रत मूळाशी पूर्ण जुळलेली) असावी आणि मिरर व विटनेस एकमेकांशी जोडलेले असावेत. यातले एक जरी नसले तरी मिरर जागेवरून हलत नाही, आणि ते योग्यच आहे. अर्धवट प्रत पुढे आणली तर व्यवहार हरवतील. विटनेसला न विचारता मिरर पुढे आला तर दोन्ही सर्व्हर स्वतःला प्रिन्सिपल समजून वेगवेगळ्या नोंदी घेऊ लागतील. याच कारणाने, मिरर आणि विटनेस दोघांशीही संपर्क तुटलेला प्रिन्सिपल स्वतः धडधाकट असूनही डेटाबेसची सेवा थांबवतो. म्हणून ‘फेलओव्हर झालाच नाही’ अशी तक्रार आली की आधी पाहायचे ते प्रिन्सिपल पडण्यापूर्वी तिन्ही सर्व्हर कोणत्या अवस्थेत होते हे. त्या वेळचे तिघांचेही एरर लॉग शेजारी ठेवून वाचावेत.

सर्वांत फसवा दोष मिरर आणि विटनेस यांच्यामधल्या वाटेवर असतो. मांडणी सहसा प्रिन्सिपलवर बसून केली जाते. फायरवॉलमध्ये त्याच्यापासून दोघांकडे जाणारे पोर्ट (बहुधा ५०२२) उघडले जाते आणि उरलेल्या दोघांमधले राहून जाते. ‘डेटाबेस_मिररिंग’ हा सिस्टिम व्ह्यू (मिररिंगची अवस्था दाखवणारा अंतर्गत तक्ता) प्रिन्सिपलवर पाहिला तर डेटाबेस सिंक्रोनाइझ्ड आणि विटनेस ‘कनेक्टेड’ दिसतो. सगळे आलबेल वाटते. तोच व्ह्यू मिररवर उघडला की विटनेसच्या रकान्यात ‘डिसकनेक्टेड’ आढळते. म्हणून तपासणी मिररवरून व्हायलाच हवी. पोर्ट उघडे असूनही जोडणी होत नसेल तर एंडपॉइंट (मिररिंगचा संपर्क स्वीकारणारे सर्व्हरवरचे टोक) चालू आहे का, समोरचा एसक्यूएल सर्व्हर ज्या खात्यावर चालतो त्या सर्व्हिस अकाउंटला त्यावर ‘कनेक्ट’ची परवानगी आहे का, दोन्हीकडची एन्क्रिप्शन पद्धत जुळते का आणि सर्व्हरचे पूर्ण नाव डीएनएसमध्ये सापडते का, हे पाहावे. मांडणी करतानाच येणाऱ्या १४१८ क्रमांकाच्या त्रुटीमागेही बहुतेक वेळा हीच कारणे असतात.

हाताने केलेला फेलओव्हर यशस्वी झाला म्हणजे स्वयंचलितही होईल, हा समज चुकीचा आहे. हाताने करताना डेटाबेस सिंक्रोनाइझ्ड असला की भागते, विटनेसची गरज पडत नाही. खरी परीक्षा घ्यायची तर ठरवून घेतलेल्या वेळी प्रिन्सिपलचे नेटवर्क तोडून पाहावे.

मिररची डिस्क भरली की मिररिंगचे सत्र ‘सस्पेंडेड’ म्हणजे स्थगित होऊ शकते. प्रिन्सिपल काम करत राहतो, म्हणून वापरकर्त्यांना काही जाणवत नाही. पण न पाठवलेल्या नोंदींमुळे त्याची लॉग फाइल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) फुगत जाते. लॉग कारण नसताना वाढू लागला तर मिररिंगची अवस्था लगेच तपासावी.

सर्व्हर एकमेकांना सतत पिंग (‘मी चालू आहे’ असा छोटा संदेश) पाठवतात आणि ठरलेल्या मुदतीत, मुळात १० सेकंदांत, काहीच आले नाही तर संपर्क तुटला असे धरतात. नेटवर्क अधूनमधून अडखळत असेल किंवा प्रोसेसरवर फार ताण असेल तर यामुळे नाहक फेलओव्हर होतात. तेव्हा ही मुदत, म्हणजे ‘पार्टनर टाइमआउट’, वाढवावी. उलट क्वेरी रेंगाळल्या किंवा लॉकमुळे सगळे खोळंबले तरी पिंग चालूच असतात, त्यामुळे फेलओव्हर होत नाही. तो त्यासाठी नाहीच.

फेलओव्हर बिनचूक होऊनही अॅप्लिकेशन बंदच राहते, असेही पुष्कळदा घडते. अॅप्लिकेशन ज्या ओळीवरून डेटाबेसशी जोडले जाते त्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ‘फेलओव्हर पार्टनर’ (दुसऱ्या सर्व्हरचे नाव) आणि डेटाबेसचे नाव, दोन्ही हवेत. लॉगिन मास्टर डेटाबेसमध्ये असतात आणि त्याचे मिररिंग होत नाही, म्हणून ते मिररवर आधीच तयार करावे लागतात. एसक्यूएल लॉगिन असतील तर त्याच एसआयडीने (लॉगिनचा अंतर्गत ओळखक्रमांक), नाहीतर डेटाबेसमधले युजर अनाथ होतात, म्हणजे त्यांना जुळणारे लॉगिन उरत नाही. एसक्यूएल सर्व्हर एजंटचे जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे) आणि लिंक्ड सर्व्हर (इतर सर्व्हरशी केलेल्या जोडण्या) यांचेही तसेच. शिवाय फेलओव्हर एकेका डेटाबेसचा होतो. एका अॅप्लिकेशनचे दोन डेटाबेस असतील आणि एकच पलीकडे गेला, तर भूमिका बदलल्याची १४८० क्रमांकाची नोंद पकडून दुसऱ्यालाही पाठोपाठ हलवणारा अलर्ट आधीच लावून ठेवावा लागतो.